सांध्यावर सुरी

दर गुरुवारी सातला आम्ही वाचनालयाच्या मागच्या खोलीत जमतो,
जिथे पूर्वी नगरपालिकेचे नादुरुस्त पाणीमीटर पडलेले असत.
खिडकीतून उरुग्वाय नदी, पलीकडे अर्जेंटिनाचे दिवे.
येर्बाचा कडवट पेला हातोहात फिरतो.
नळी एकच, आणि पुस्तकही एकच:
मारिएल बेंतांकोरच्या नऊ कथा.
बाकीच्यांकडे मी काढलेल्या झेरॉक्स,
पान एक्केचाळीस सगळ्यांचंच तिरकं आलेलं.

मी सुरुवात करते शिकल्यासवरल्यासारखी.
आशयसूत्र: गैरहजेरी.
निवेदन: द्वितीयपुरुषी, तू उठतेस, तू किल्ली विसरतेस.
विल्मार जांभई देतो. लपवतही नाही.

विल्मारनं तीस वर्षं मांसाच्या कारखान्यात हाडं मोकळी केली.
तो म्हणतो, ते तुझं सूत्रबित्र राहू दे.
ही पोरगी कापते कुठं, ते बघ.
नवशिका हाडावर घाव घालतो,
धार जाते, मनगट जातं.
जाणता आधी बोटानं चाचपतो.
सांधा लागला की सुरीला जोर लागत नाही.
ही तिसरी कथा: नवरा दार उघडतो,
आणि पुढच्या ओळीत थेट ऑगस्ट.
दारात कोण होतं? नाही सांगत.
चिंधी उडाली नाही कुठं.

माझ्या वहीत 'कालोल्लंघन' असं होतं.
ते खोडून मी 'सांधा' लिहिते.

निबिया मोजते. जन्मभर शाळेत हजेरी घेतली तिनं.
नऊ कथांत कोट अकरा,
सात दारामागे टांगलेले, चार गहाण,
अंगात एकही नाही.
आई हा शब्द सबंध पुस्तकात एकदाच,
तोही शिवीत.
एवढं बोलून ती चष्मा पुसते,
अर्थ काढायचं काम तिचं नाही.

दार्दोचा राग अवतरणचिन्हांवर.
एक तर त्याला कमी ऐकू येतं,
त्यात ही बाई कोण बोललं तेही दाखवत नाही.
ओळीवर बोट ठेवून विचारतो,
हे बायको म्हणाली, की रेडिओ?
आम्ही वाचतो. पुन्हा वाचतो.
कुणालाच सांगता येत नाही.
त्याचा चेहरा उजळतो:
म्हणजे तुम्हालाही नाही ऐकू आलं!

एलिदा दाराजवळच्या खुर्चीत.
मारिएलची आत्या. तीन गुरुवार नुसती बसून,
मंडारिन सोलायची, फोडी आम्हाला वाटायची,
आज तिच्या हातात फळ नाही.

सहाव्या कथेत, ती म्हणते, कोट राखाडी लिहिलाय.
हिरवा होता.
आणि बसथांब्यावर ती एकटी नव्हती.
मी होते.

माझ्याकडे एक वाक्य तयार होतं,
मोंतेविदेओला दोन वर्षं शिकून आणलेलं:
लेखक वेगळा, निवेदक वेगळा,
कथा म्हणजे साक्ष नव्हे.
ते जिभेपर्यंत आलं आणि तिथंच
येर्बाच्या काडीसारखं अडकून बसलं.
विल्मार स्वतःच्या डाव्या हाताकडे बघत होता,
तिथे दोन बोटं अर्धीच आहेत.

बरं केलं तिनं, एलिदा म्हणाली, काढून टाकलं मला.
मी थांब्यावर असते
तर गोष्टीतली मुलगी बसमध्ये चढलीच नसती.
खरी चढली,
कारण मी तोंड फिरवलं.

मग बराच वेळ पेला एकाच हातात राहिला.
कुणाच्या ते आठवत नाही, बहुधा माझ्याच.

साडेआठला दिवे बंद करावे लागतात.
पुढच्या वेळी सातवी कथा, मी म्हटलं, पान एक्केचाळीस
सरळ करून आणीन.
जिन्यात दार्दो कठड्याला धरून थांबला.
काय म्हणाली ती, शेवटी?
निबियानं त्याच्या कानाशी हात धरला आणि ओरडली,
वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचेल अशी:
हिरवा!
कोट हिरवा होता!
खाली रस्त्यावर एलिदानं मागे वळून पाहिलं,
आणि कुणीतरी नाव पुकारल्यासारखा
अर्धा हात वर केला.